उघडे झाकण, उघडे दार

बंगळुरूचे नाव घेतले की काचेच्या उंच इमारती, संगणक कंपन्या आणि त्यांतील मोठे पगार यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. याच शहरात दिवसभराचे काम आटोपल्यावर काही माणसे संध्याकाळी एकत्र जमतात. जागा कधी एखाद्या महाविद्यालयाच्या वर्गाची असते, तर कधी एखाद्या कंपनीने तेवढ्यापुरत्या दिलेल्या सभागृहाची. तेथे हजेरी नसते, परीक्षा नसते आणि बहुधा प्रवेशशुल्कही नसते. जमणाऱ्यांत मोठ्या पदावरचे अभियंते असतात, नोकरीच्या शोधात असलेले पदवीधर असतात, विद्यार्थी असतात आणि स्वतःच्या प्रयत्नाने संगणक शिकलेली माणसेही असतात. त्यांना बांधणारा धागा एकच असतो. ही सर्व मंडळी मुक्तस्रोत साधने वापरून संगणकाच्या आज्ञावली लिहितात, किंवा लिहू इच्छितात.

‘मुक्तस्रोत’ हा शब्द थोडा समजून घेतला पाहिजे. संगणक आपण होऊन काही करत नाही. त्याने काय करावे हे सांगणाऱ्या सूचना माणसाने लिहिलेल्या असतात. या सूचनांच्या संचाला आज्ञावली म्हणतात, आणि माणसाला वाचता येईल अशा तिच्या मूळ मजकुराला स्रोत म्हणतात. पुष्कळ कंपन्या आज्ञावली विकतात, पण तिचा स्रोत दाखवत नाहीत. विहिरीवर बसवलेल्या पंपाचे उदाहरण घ्यावे. एका पंपाचे झाकण कारखान्यातच कायमचे बंद केलेले आहे. तो बिघडला की कारखान्याचा माणूस येईपर्यंत पिकाने वाट पाहायची. दुसऱ्या पंपाचे झाकण उघडता येते. आत काय आहे ते पाहता येते, गावातला कारागीर तो दुरुस्त करू शकतो आणि हवा तर तसाच दुसरा बनवूही शकतो. मुक्तस्रोत आज्ञावली ही या दुसऱ्या प्रकारची होय. तिचा परवाना चार गोष्टींची मुभा देतो : ती कोणत्याही कामासाठी वापरणे, तिची रचना अभ्यासणे, तिच्यात बदल करणे आणि मूळ किंवा सुधारलेली प्रत इतरांना देणे. ती बहुधा विनामूल्य मिळते; परंतु विनामूल्य असणे हे तिचे मर्म नव्हे. झाकण उघडता येणे हे तिचे मर्म आहे.

या विचाराला सुमारे चार दशकांचा इतिहास आहे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ च्या सप्टेंबर महिन्यात ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली आणि सर्वांना मुक्तपणे वापरता येईल अशी संपूर्ण संगणकप्रणाली घडवण्याचा संकल्प सोडला. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स हा विद्यार्थी १९९१ साली अवघा एकवीस वर्षांचा होता. त्याने स्वतःच्या संगणकासाठी लिहिलेला प्रणालीचा गाभा सर्वांसाठी खुला केला. तोच पुढे ‘लिनक्स’ या नावाने जगभर पसरला. त्याच वर्षी नेदरलँड्समधील खिडो फान रोस्सम यांनी ‘पायथन’ ही आज्ञावली लिहिण्याची भाषा लोकांपुढे ठेवली. आज अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्रत्येक मोबाइलच्या मुळाशी लिनक्सचा गाभा आहे, आणि जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तिच्यातील एकूण एक संगणक २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहेत. हे सारे कोणा एका धनवंताच्या तिजोरीतून निर्माण झालेले नाही. असंख्य माणसांनी घातलेल्या लहान लहान भरीतून ते उभे राहिले आहे.

बंगळुरूमध्ये ही चळवळ रुजली, त्यामागे काही व्यक्तींचे परिश्रम आहेत. त्यांपैकी अतुल चिटणीस यांचे नाव मराठी वाचकाला जवळचे वाटावे. १९६२ साली जर्मनीत बर्लिन येथे जन्मलेले चिटणीस बेळगावात वाढले आणि तेथेच अभियांत्रिकी शिकले. पुढे बंगळुरू ही त्यांची कर्मभूमी झाली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून एखादी मोठी आज्ञावली उतरवून घ्यायची म्हटले तर दिवसच्या दिवस जात आणि खर्चही परवडत नसे. अशा वेळी १९९६ पासून ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाबरोबर लिनक्सची तबकडी वाचकांना देण्याचा उपक्रम सुरू झाला. त्यात चिटणीस यांचा पुढाकार होता. मासिकाच्या अंकाबरोबर गावोगावी पोहोचलेल्या त्या तबकडीने कित्येकांना मुक्त प्रणालीची पहिली ओळख करून दिली.

परंतु तबकडी हातात आली म्हणजे विद्या हातात आली असे होत नाही. ती संगणकात बसवायची कशी, अडले तर पुसायचे कोणाला, हे प्रश्न उरतातच. या प्रश्नांतूनच वापरकर्त्यांचे गट जन्माला आले. बंगळुरूप्रमाणे मुंबई आणि पुणे येथेही लिनक्स वापरणारे एकत्र येऊ लागले. लोक आपापले संगणक उचलून एका ठिकाणी आणत आणि जाणकार मंडळी त्यांना प्रणाली बसवून देत. अशा छोट्या मेळाव्यांतून मोठे संमेलन उभे राहिले. २००१ साली ‘लिनक्स बँगलोर’ हे संमेलन सुरू झाले. त्याचा विषय लिनक्सपुरता उरला नाही, तेव्हा २००५ साली त्याला ‘फॉस डॉट इन’ हे नाव मिळाले. २०१२ साली ते अखेरचे भरले, आणि २०१३ साली चिटणीस यांचे निधन झाले. मात्र परंपरा खंडित झाली नाही. पायथन भाषा वापरणाऱ्यांचा ‘बँगपायपर्स’ हा गट शहरात होताच. भारतातील पहिली ‘पायकॉन’ परिषद २००९ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत भरली, आणि २०११ साली ती पुण्यात झाली. अशा परिषदा वर्षातून एकदा होतात; संध्याकाळच्या बैठका वर्षभर चालतात. वृक्ष दिसतो तो परिषदेचा. मुळे मात्र या बैठकांत असतात.

अशा संध्याकाळचे स्वरूप अगदी साधे असते. सुरुवातीला जमलेले लोक आपापली ओळख करून देतात. मग कोणी एक जण पुढे येऊन अर्धा-पाऊण तास बोलतो. विषय एखाद्या नव्या साधनाचा असतो, किंवा कामात आलेल्या अडचणीचा आणि ती कशी सोडवली याचा. बोलणारा दरवेळी नामवंत तज्ज्ञ नसतो. पुष्कळदा तो मागच्या बैठकीत श्रोत्यांत बसलेला असतो. पडद्यावर प्रात्यक्षिक दाखवताना एखादी आज्ञावली ऐन वेळी चालत नाही. मग मागच्या रांगेतून कोणी चूक दाखवतो, बोलणारा ती दुरुस्त करतो आणि सभा पुढे सरकते. त्या चुकीची कोणाला लाज वाटत नाही. भाषण संपल्यावर चहा होतो, आणि खरी बैठक तेव्हाच सुरू होते. दोन-दोन, चार-चार जणांचे घोळके होतात. “तुम्ही हे कसे केले?” हा प्रश्न तेथे सर्वांत अधिक वेळा ऐकू येतो.

आज घरबसल्या सर्व काही वाचायला आणि पाहायला मिळत असताना शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहनांच्या गर्दीतून वाट काढत जमण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणीही विचारील. तो रास्त आहे. त्याचे उत्तर शिकण्याच्या स्वभावात आहे. ज्याला थोडे येते, त्याला प्रश्न नेमका मांडता येतो आणि उत्तर शोधता येते. परंतु ज्याची सुरुवातच आहे, त्याला आपले काय अडले आहे हेच सांगता येत नाही. तो नुसता म्हणतो, “चालत नाही.” अशा वेळी शेजारी बसलेला माणूस त्याच्या पडद्याकडे पाहतो, दोन प्रश्न विचारतो आणि क्षणभरात गाठ सुटते. पोहण्यावरचे पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकत नाही. विहिरीच्या काठावर उभे राहून धीर देणारा कोणीतरी लागतो. ज्ञान पुस्तकात साठवता येते, पण धीर माणसाकडूनच मिळतो.

या बैठकीचा दुसरा गुण अधिक मोलाचा आहे. तेथे माणसाला त्याचे प्रमाणपत्र विचारले जात नाही. औपचारिक शाळा ज्यांना काही कारणाने सोडावी लागली, त्यांना ‘शिक्षण किती?’ हा प्रश्न किती बोचतो हे ठाऊक आहे. नोकरीच्या अर्जात, बँकेत, लग्नाच्या बोलणीत, सर्वत्र तो समोर उभा राहतो. आज्ञावलीला मात्र तो विचारता येत नाही. दहावी नापास झालेल्याने लिहिलेली सूचना बरोबर असेल तर संगणक ती पाळतो, आणि पदवीधराने लिहिलेली चुकीची असेल तर नाकारतो. मुक्तस्रोताच्या जगात हे काम सर्वांना दिसते. ज्याला वाचता येते, तो ते वाचून पाहतो आणि कामावरून माणसाची पारख करतो. येथे पदवीची किंमत शून्य आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कंपन्या नोकरी देताना पदवी पाहतात, आणि पुढेही पाहतील. परंतु पदवी नसलेल्याला आपले काम चारचौघांपुढे ठेवण्याची जागा मिळणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात ‘इर्जिक’ नावाची चाल होती. एखाद्या शेतकऱ्याची नांगरणी अडली की शेजारीपाजारी आपापले बैल आणि औते घेऊन त्याच्या शेतावर जमत. दिवसभर काम होई. मजुरी कोणी मागत नसे. ज्याचे शेत तो सर्वांना जेवू घाली. आज त्याच्या शेतावर, उद्या दुसऱ्याच्या. मुक्तस्रोत साधनांच्या मुळाशी हाच व्यवहार आहे. एकाने लिहिलेल्या आज्ञावलीतील दोष दुसरा काढतो, तिसरा तिची माहितीपुस्तिका लिहितो, चौथा तिचे भाषांतर करतो. फरक एवढाच की शेत एका वेळी एकाचेच नांगरता येते. येथे एकदा नांगरलेले शेत साऱ्या जगाच्या उपयोगी पडते.

मात्र इर्जिकीत एक अलिखित नियम असे. जो फक्त जेवायला येई आणि आपले बैल कधीच आणत नसे, त्याच्या शेतावर पुढच्या वर्षी कोणी फिरकत नसे. मुक्तस्रोताच्या व्यवहारात हा नियम लागू करता येत नाही, कारण कोणी काही न देताही घेऊ शकतो. म्हणून येथे एक मोठा धोका संभवतो. २०१४ च्या एप्रिल महिन्यात तो जगाला दिसला. इंटरनेटवरील व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या मुक्त आज्ञावलीत ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष आढळला. तो सुमारे दोन वर्षे कोणाच्या लक्षात आला नव्हता. असंख्य कंपन्या आणि संस्था ही आज्ञावली वापरत होत्या. तिची देखभाल मात्र मोजकीच माणसे, तुटपुंज्या पैशांत करत होती. विहिरीचे पाणी सारा गाव भरतो, पण गाळ काढायला चारच माणसे उतरतात, अशातली ही गत होती. झाकण उघडे असले म्हणून आत कोणी डोकावून पाहतेच असे नाही, हा त्या प्रसंगाचा धडा आहे. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी अशा कामासाठी निधी उभारला. परंतु निधीने सर्व काही होत नाही. गाळ काढायला उतरणारे नवे हात तयार व्हावे लागतात, आणि ते हात अशा संध्याकाळच्या बैठकांतून तयार होऊ शकतात. फॉस डॉट इनच्या उत्तरकाळातही नुसते ऐकून जाण्यापेक्षा प्रत्यक्ष भर घालण्यावर जोर दिला गेला, तो याच जाणिवेतून.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा की फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही. परंतु ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सर्वांसाठी खुला केला, म्हणून त्याची किंमत कमी झाली असे कोणी म्हणत नाही. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. स्वयंसेवकांनी रात्री जागून आज्ञावली लिहाव्यात आणि श्रीमंत कंपन्यांनी त्यांवर नफा मिळवावा, हा कोणता न्याय? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे संपूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. तिसरा आक्षेप असा की येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण विद्येसाठी नव्हे, तर ओळखी वाढवून नोकरी मिळवण्यासाठी येतात. ते खरे असले तरी त्यात गैर काय आहे? पोटाची चिंता वाहणाऱ्या माणसाने निरपेक्ष ज्ञानसाधना करावी अशी अपेक्षा पोट भरलेलेच करू शकतात. नोकरीसाठी आलेला माणूस चार बैठकांनंतर दुसऱ्याला शिकवू लागला, तर बैठकीचे काम झाले.

यांहून मोठा दोष कोणता असेल, तर तो दाराचा आहे. या बैठका सर्वांसाठी खुल्या आहेत हे खरे. तरी त्या दारातून कोण आत येऊ शकते याचा विचार करावा लागतो. बोलणे बहुतांशी इंग्रजीत चालते. बंगळुरूमध्ये कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, हिंदी, मराठी अशा अनेक भाषा बोलणारे राहतात. त्यामुळे इंग्रजी ही सोय म्हणून आली हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्याला इंग्रजी समजते पण बोलता येत नाही, तो मागच्या रांगेत गप्प बसतो, आणि ज्याला समजतही नाही, तो येतच नाही. संध्याकाळची वेळ नोकरदार पुरुषाच्या सोयीची. घरी स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास पाहणाऱ्या स्त्रीच्या सोयीची नव्हे. रात्री उशिरा परतायचे तर तिला सुरक्षित वाहनाची काळजी आणखी. दूरच्या उपनगरातून येणाऱ्याला जाण्यायेण्याचे भाडे पडते. स्वतःचा संगणक नसलेला माणूस तर आपण तेथे शोभणार नाही असे म्हणून पाऊल मागे घेतो. दाराला कुलूप नाही. पण उंबरठा उंच आहे. आज्ञावलीचे झाकण उघडे आणि बैठकीचे दार मात्र अर्धवट लोटलेले, अशी ही विसंगती आहे. मुक्त म्हणवणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेने, मग ती मुक्त आज्ञावली असो वा मुक्त विद्यालय, स्वतःला हा प्रश्न वारंवार विचारला पाहिजे.

भाषेचा प्रश्न मराठीपुरता जरी पाहिला, तरी त्याचे महत्त्व ध्यानी येते. एका संगणकावर टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसत, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे. प्रत्येक टंकाची अंतर्गत योजना वेगळी, हे त्याचे कारण. जगातील सर्व लिपींना समान क्रमांक देणारी ‘युनिकोड’ ही योजना १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यात देवनागरीचा समावेश होता. तरीही मराठीच्या काही गरजा मागे राहिल्या. ‘ॲ’ हे अक्षर मराठीत नित्य वापरले जाते. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली. ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’ यांतील अर्धा र मराठीचे वैशिष्ट्य आहे. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमालेविषयी जो निर्णय काढला, त्यात या वळणांचा विचार झाला. २००४ साली रेड हॅट या कंपनीने भारतीय भाषांसाठी ‘लोहित’ टंक मुक्त परवान्याने उपलब्ध केले, आणि अशा टंकांत दुरुस्ती करण्याचा मार्ग कायद्याने मोकळा झाला. परंतु दुरुस्ती सुचवणार कोण? ‘दऱ्या’ हा शब्द पडद्यावर चुकीचा उमटला, तर ती चूक मराठी वाचणाऱ्यालाच दिसणार. ती नोंदवायला आज्ञावली लिहिता यावी लागत नाही. मराठी नीट यावी लागते. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस यांसारख्या मुक्त साधनांच्या मराठी आवृत्त्या घडल्या, त्या असे मराठी शब्द शोधणाऱ्या माणसांमुळेच. म्हणजे ज्याला आपण ‘अडाणी’ समजून दाराबाहेर ठेवले, त्याच्यापाशीच या कामाला लागणारी विद्या असू शकते.

संध्याकाळची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी आणि कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसा राबणाऱ्याला दिवसा शाळेत येता येत नाही, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली आणि शाळेची वेळ शिकणाऱ्याच्या वेळेशी जुळवली. शिकणाऱ्याने व्यवस्थेकडे यावे असे न म्हणता व्यवस्थेने शिकणाऱ्याकडे जावे, हे त्यामागचे सूत्र होते. पुढे मुंबईतील गिरणी कामगारांच्या वस्त्यांत रात्रशाळांनी हेच काम केले. बंगळुरूच्या बैठकांनी आणि त्यांचे अनुकरण करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे सूत्र गिरवण्याजोगे आहे.

अनुकरण करायचे तर ते महानगरापुरते कशाला? महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे खेड्यापाड्यांपर्यंत पसरले आहे. तालुक्याच्या ग्रंथालयात महिन्यातून एक संध्याकाळ, दोन-तीन संगणक आणि थोडेसे जाणणारा एक माणूस एवढ्या भांडवलावर अशी बैठक सुरू होऊ शकते. मुक्त साधनांना परवान्याचा खर्च बहुधा नसतो, आणि जुन्या संगणकावरही चालतील अशा लिनक्सच्या आवृत्त्या मिळतात. बोलणे मराठीत, किंवा त्या भागातल्या बोलीत व्हावे. स्त्रियांना यायचे असेल तर वेळ दुपारची ठेवावी. पहिल्या बैठकीला तिघेच आले तरी खट्टू होऊ नये. त्या तिघांपैकी एक जण दुकानाचा हिशेब मांडायला शिकेल, दुसरी बचतगटाची नोंदवही संगणकावर ठेवील, तिसऱ्याला कदाचित आज्ञावली लिहिण्याची गोडी लागेल. पुढच्या वर्षी त्यांच्यापैकीच कोणी नवख्याच्या शेजारी बसून त्याच्या पडद्याकडे पाहील आणि दोन प्रश्न विचारील.

बंगळुरूच्या त्या सभागृहातील दिवे रात्री मालवले जातात, खुर्च्या जागच्या जागी लावल्या जातात आणि माणसे पांगतात. कोणाच्या हाती प्रमाणपत्र नसते. परंतु कोणाची अडलेली गाठ सुटलेली असते, आणि कोणी दुसऱ्याची सोडवलेली असते. ज्ञान उघडे ठेवणे हे पहिले पाऊल होय. ज्याच्यापर्यंत ते पोहोचले नाही, त्याच्यासाठी दार उघडणे आणि उंबरठा खाली आणणे हे दुसरे पाऊल. पहिले पाऊल जगातील मोठ्या प्रज्ञावंतांनी टाकून ठेवले आहे. दुसरे पाऊल टाकायला प्रज्ञावंत असावे लागत नाही. त्यासाठी आपल्याला जेवढे येते तेवढे शेजाऱ्याला सांगण्याची तयारी पुरते.